बहुभाषी आत्या

भारतात किती भाषा बोलल्या जातात हे सरकारला ठाऊक असेल. पण त्यांतली कुठलीही भाषा वऱ्हाडीच्या चालीवर बोलता येते, हे फक्त माझ्या आत्याला ठाऊक आहे. ती तमिळ बोलते, पंजाबी बोलते, काठियावाडी बोलते, उर्दू बोलते, आणि शेजारच्या बंजारा तांड्यावरची गोरमाटी तर अशी बोलते की तांड्यावरच्या बाया लग्नात गाणी म्हणायला तिला न्यायला येतात. पण यांतल्या कुठल्याही भाषेत तिचं बोलणं चालू असताना तुम्ही जरा लांब, म्हणजे समजा गोठ्यापाशी, उभे राहिलात, की शब्द कळेनासे होतात, नुसता सूर ऐकू येतो, आणि तुमची खात्री पटते की ही बाई जन्मात मेहकर तालुक्याबाहेरचं एक अक्षर बोललेली नाही. तमिळ वाक्याच्या शेवटी ती 'नाई का बाप्पा' लावते. पंजाबी ड्रायव्हरला मानानं 'पाजी' म्हणते आणि पुढच्याच श्वासात 'काऊन बे पाजी, जेवला नाईस अजून?' असं विचारते. आणि पाजी निमूट जेवायला बसतो.

एवढ्या भाषा येणारी बाई पुष्कळ फिरली असेल असं कुणालाही वाटेल. आत्या कुठेही गेलेली नाही. हिवरा आश्रमाकडचं माहेर सोडून जानेफळला सासरी आली, हाच तिचा मोठा प्रवास, आणि त्यातही ती सारा वेळ गाडीवानाशी बोलत होती, त्यामुळे रस्ता तिनं पाहिलेला नाही. भाषाच तिच्या ओसरीवर चालत आल्या. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामाजी, यांनी शेतीच्या जोडीला बोअरवेलच्या गाड्या बोलावून देण्याचं काम धरलं. कुणाला शेतात बोअर मारायचा असला की तो मामाजींकडे येई आणि मामाजी गाडी बोलावत. या गाड्या तामिळनाडूतून येतात, त्यांच्याबरोबर माणसंही तिकडचीच येतात, आणि काम नसलं की गाडी आमच्या मामाजींच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभी राहते. चार-सहा माणसं घरापासून इतक्या लांब आलेली, त्यांना भाकरी चावत नाही, वरणात चिंच नाही म्हणून ती उदास, आणि कुंपणापलीकडे आत्या! तिनं पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून पाण्याला 'तण्णी' म्हणतात हे काढून घेतलं. बोअरच्या धंद्यात दुसरा शब्द आला नाही तरी चालेल असा तो शब्द. तेव्हापासून आजतागायत गावात कुणाच्या बोअरला पाणी लागलं की आत्या 'तण्णी लागली वो!' असं ओरडत सुटते, आणि गावालाही आता ते मराठीच वाटतं.

मात्र तिची तमिळ ही बोअरची तमिळ. एकदा मेहकरच्या एका बँकेत तिकडचे साहेब बदलून आले. आत्या मामाजींबरोबर सहीसाठी गेली, तिला ते कळलं, आणि तिनं साहेबांचं त्यांच्या भाषेत भरभरून स्वागत केलं. साहेब आधी थक्क झाले, मग टेबलावर डोकं ठेवून हसले. पुढे ते माझ्या दुकानात औषध घ्यायला आले तेव्हा मी विचारलं, आत्या नेमकं काय म्हणाली होती? साहेब हिंदीत म्हणाले, "त्यांनी मला माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग म्हणाल्या, आणखी खाली सोड, दगड लागलाय, थांब, पाइप वर घे." मग ते म्हणाले, "वर्षभरात माझ्याशी इतक्या प्रेमानं कुणी बोललं नव्हतं."

तमिळसारखंच बाकीच्यांचं. सोंगणीच्या दिवसांत पंजाबातून हार्वेस्टर येतात, त्यांच्याबरोबर पंजाबी आली. पिकं निघाली की मेंढ्या आणि उंट घेऊन काठियावाडी येतात, खतासाठी वावरात मेंढ्या बसवतात, त्यांच्याबरोबर काठियावाडी आली. घराच्या फरशा बसवायला राजस्थानी कारागीर आले आणि ते घरापेक्षा आत्याच्या व्याकरणावरच जास्त दिवस राबले. उर्दू शेजारच्या खालांकडून आली, आणि ती लोणच्याच्या बरण्यांबरोबर रोज जात-येत असल्यामुळे सगळ्यात मुरलेली. एकूण भाषा किती, याबद्दल घरात मतभेद आहेत. आत्या हिंदी धरते, मामाजी धरत नाहीत.

तिच्या दुभाषीपणाची एक रीत आहे. समोरच्याचं वाक्य ती जसंच्या तसं दुसऱ्याला देत नाही. त्यात आपल्याकडची भर घालून देते. एका वर्षी काठियावाड्यांच्या मेंढ्या कुणाच्या तरी तुरीत शिरल्या. शेतकरी काठी घेऊन आला, मेंढपाळही काठी घेऊन उभा राहिला, आणि मध्ये आत्या. शेतकरी फक्त एवढंच म्हणाला, "याले मी सोडत नाई." आत्यानं काठियावाडीत त्याचं जे सांगितलं ते चहाचं आधण उकळून आटेपर्यंत चाललं, त्यात शेतकऱ्याच्या पोरीचं लग्न, गेल्या साली पडलेली कीड आणि त्याच्या बायकोचा स्वभाव एवढं सगळं आलं. मेंढपाळाचे डोळे भरून आले. तो दोन शब्द बोलला. आत्यानं त्याचंही तितकंच लांब वऱ्हाडी केलं. शेवटी दोघांच्याही काठ्या जमिनीवर आणि हातात कपबशा. मी नंतर तिला विचारलं, "आत्या, तो मेंढीवाला दोनच शब्द बोलला ना वं?" ती म्हणाली, "हाव. पन त्याच्या मनात जे होतं ते कोन सांगन, तू?"

आता खरी गोष्ट. आत्याला तुम्ही काहीही म्हणा, ती हसेल. पण 'बडबडी' म्हणू नका. हा शब्द तिला आयुष्यभर डाचत आलेला आहे. शाळेत बाईंनी तिला याच कारणानं वर्गाबाहेर बसवलं. तिथे ती शिपायाशी बोलत बसली, म्हणून परत आत घेतलं. तिला पाहायला मामाजींकडची मंडळी आली तेव्हा माझ्या आजोबांनी तिला बजावलं होतं, इचारतीन तेवढंच सांग. त्यांनी नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, ते नाव कुणी ठेवलं ते सांगितलं, दुसरं कुठलं ठेवायचं चाललं होतं ते सांगितलं, आणि ते का मोडलं हे सांगायला लागली तेव्हा मामाजी फस्सकन हसले. तिथेच लग्न ठरलं. सासूबाई मात्र मरेपर्यंत आल्या-गेल्याला सांगत, "पोरगी कामाची हाय, पन बडबडी हाय." माझे वडील एकदा पाहुण्यांसमोर तिला तसं म्हणाले, तर दिवाळीपासून अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, तिनं त्यांच्याशी अबोला धरला. अबोला धरला आहे हे सांगायला ती रोज सकाळी त्यांना फोन करायची. पण विनोद बाजूला ठेवला तर तिचं दुखणं खरं होतं. आपलं बोलणं लोकांना नकोसं होतं, ही सल घेऊनच ती इतकं बोलत आली.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात मेहकरच्या बसस्टँडवर एक म्हातारी बाई सापडली. माझं औषधांचं दुकान स्टँडच्या समोरच आहे, त्यामुळे सकाळपासून मी तिला पाहत होतो. नीटस नेसलेलं लुगडं, केसांत वाळलेली फुलं, हातात पिशवीसुद्धा नाही. बाकड्याच्या टोकावर ती अशी बसली होती, जणू कुणी तिला तिथे ठेवून 'हलू नको' म्हणून गेलं आहे. कंडक्टरांनी विचारलं, चहावाल्यानं विचारलं, ती बोलेना. पोलीस ठाण्यातून एक महिला शिपाई आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, बिचाऱ्या फार चांगल्या. त्यांनी मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, हातवारे केले. बाईनं पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. मी माझा फोन घेऊन गेलो. आता फोनमध्ये सगळ्या भाषा असतात. मी एकेक भाषा लावून 'तुमचं नाव काय, गाव कोणतं' असं त्या यंत्राकडून बोलवून घेतलं. फोनमधली बाई गोड आवाजात एकामागून एक भाषा बोलू लागली, आणि म्हातारीनं दोन्ही कानांवर हात घेतले. भाषा ओळखायला तिनं आधी काहीतरी बोलायला तर हवं! दुपारपर्यंत स्टँडवर सगळ्यांचं ठरलं की बाई मुकी आहे. मॅडम म्हणाल्या, "पाच वाजताच्या गाडीनं हिला बुलडाण्याला महिलांच्या आधारगृहात पोचवते. दुसरा काय इलाज?" इलाज नव्हताच. पण एकदा ती तिथे गेली, की न बोलणाऱ्या बाईचा पत्ता कुणाला आणि कसा लागणार, हा प्रश्न त्यांच्याही चेहऱ्यावर होता.

तेवढ्यात जानेफळच्या गाडीतून आत्या उतरली. मामाजींच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आली होती. मी तिला सगळं सांगितलं. माझं सांगून पुरं व्हायच्या आत ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती.

आधी ती बाकड्यावर त्या बाईशेजारी टेकली. मग तिनं आपल्या भाषा काढल्या. गोरमाटी झाली, पंजाबी झाली, काठियावाडी, राजस्थानी, उर्दूही झाली. बाई हलली नाही. भोवती जमलेल्यांतला एक जण म्हणाला, "आत्याबाई, मुकी हाय ते. काऊन तोंड दुखवता?" आत्या त्याच्याकडे वळून म्हणाली, "मुकी असन तर ऐकू तर येते ना? तुले काय तरास होऊन राह्यला?" आणि तिनं भाषा बाजूला ठेवून साध्या वऱ्हाडीत बोलायला सुरुवात केली. पिशवीतून भाकर-ठेचा काढला, अर्धी भाकर बाईच्या हातात दिली आणि अर्धी स्वतः खात बोलत राहिली. मामाजींचं बीपी, तुरीला आलेला बहर, सुनेनं घेतलेला नवा मिक्सर, एसटीत खिडकीसाठी झालेलं भांडण. ज्या गोष्टीत त्या बाईला काडीचा रस असायचं कारण नाही, ती प्रत्येक गोष्ट तिनं सांगितली. मी दुकानातून गिऱ्हाईक करता करता पाहत होतो. ऊन बाकड्यावरून सरकलं. बाईच्या तोंडावरचा पदर खाली आला. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मग तिनं आत्याकडे पाहिलं. 'ही बाई थांबते केव्हा' अशा नजरेनं का होईना, पण पाहिलं.

पाच वाजत आले. गाडी लागली. मॅडम मला म्हणाल्या, "आता न्यावं लागन, भाऊ." आत्याला ते ऐकू गेलं आणि ती घाईला आली. तिची तमिळ तेवढी राहिली होती. ती छातीवर हात आपटून म्हणाली, "पेरु? पेरु एन्ना?" म्हणजे, नाव? नाव काय? मॅडमना वाटलं, आत्या पेरू मागते आहे. म्हातारीसाठी शेवटचं काही करावं म्हणून त्या धावत स्टँडबाहेरच्या गाड्यावर गेल्या आणि दोन चांगले पिकलेले पेरू घेऊन आल्या. एक त्यांनी बाईसमोर धरला.

"अवं मॅडम, पेरू नाई, पेरु!" आत्या ओरडली.

"हा पेरूच आहे," मॅडम म्हणाल्या.

"हा पेरू हाय, पन मी म्हन्ते तो पेरु नाई ना हा! मी नाव इचारून राह्यली!"

"कोणाचं, पेरूचं?"

आता भोवतालची सगळी माणसं 'पेरू, पेरू' करत त्या फळाकडे बोट दाखवू लागली. म्हातारी एकदा फळाकडे, एकदा माणसांकडे पाहत होती. तिच्या कपाळावर आठी आली. ती वाढत गेली. आणि मग, दुपारपासून मुकी ठरलेल्या त्या बाईनं पेरू हातात घेतला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला, आणि मंदबुद्धीच्या पोरांना शिकवावं तसं ठणकावून म्हणाली, "जामकाया!"

आत्यानं क्षण दवडला नाही. तिच्या तमिळमधला दुसरा उपयोगाचा शब्द तिनं काढला. "ऊरु?" ती म्हणाली. गाव? बाईचा चेहरा बदलला. "मा ऊरा?" ती म्हणाली, आणि मग बोअरला पाणी लागावं तशी लागली. मी फोन घेऊन धावलो. फोन म्हणाला, तेलुगू. तिनं गावाचं नाव सांगितलं, जिल्ह्याचं सांगितलं, मुलाचं सांगितलं. मॅडमनी तिकडच्या पोलिसांना फोन लावला, त्यांनी गावात लावला, गावातून मुलाचा नंबर मिळाला. झालं होतं ते इतकं साधं होतं की ऐकून रागही येईना. देवदर्शनाला दोन गाड्या करून तीस-चाळीस माणसं निघालेली, मेहकरात बालाजीच्या देवळात सगळी उतरली, बाई गर्दीत मागे पडली, गाड्या शोधत स्टँडवर येऊन बसली, आणि ह्या गाडीला वाटलं ती त्या गाडीत आहे, त्या गाडीला वाटलं ह्या गाडीत. एक गाडी लोणारला गेली, दुसरी वेरूळच्या रस्त्याला. कुणी शोधतच नव्हतं.

दिवेलागणीला मुलगा आला. आईच्या पायांवर डोकं ठेवून तो रडू लागला आणि आईनं त्याला फैलावर घेतलं. तेलुगूचा एक शब्द न येणारी आत्या आम्हाला चालू भाषांतर देत होती. "म्हन्ते, बायकोची पेटी नाई इसरला, मायले इसरला. म्हन्ते, तुह्या बाप असता तर असं झालं नसतं. म्हन्ते, आता लाडीगोडी नको लावू." मुलाला हिंदी येत होती. तो डोळे पुसत माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "यांना तेलुगू येते?" मी विचारलं, बरोबर सांगताहेत का? तो म्हणाला, "पेटी नाही, पिशवी म्हणाली." मग त्यानंच तो पेरूचा घोळ उलगडून सांगितला. तेलुगूतही 'पेरु' म्हणजे नावच, आणि पेरूच्या फळाला म्हणतात जामकाया. आई म्हणते, इतकी माणसं त्या फळाकडे बोट दाखवून 'नाव, नाव' म्हणत होती, माझ्यानं राहवलं नाही. आई मुळात भित्री, अनोळखी मुलखात तोंड उघडायचं नाही असं ठरवून बसलेली. पण दुपारपासून ही एक बाई इतकी बोलत होती की भीती वाटायची कधी थांबली ते तिलाच कळलं नाही. निघताना त्या दोघी गळ्यात गळा घालून उभ्या राहिल्या आणि दोघीही एकाच वेळी बोलत होत्या.

ही बातमी जानेफळला आत्याच्या आधी पोचली. वाचनालयानं तिचा सत्कार ठरवला. मानपत्र छापून आणायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी त्यावर ठळक अक्षरांत घातलं: 'बहुभाषी'. अनेक भाषा बोलणाऱ्याला आपण सगळेच म्हणतो तसं. सत्काराला वाचनालयाचं आवार भरून माणसं आली. तांड्यावरच्या बाया आल्या, खाला आल्या, बोअरची गाडी गावात होती म्हणून तीही माणसं अंघोळी करून आली. मेहकरहून मॅडम आल्या. आत्या नव्या लुगड्यात, मामाजी तिच्याशेजारी. अध्यक्ष म्हणून गावचे निवृत्त संस्कृत शिक्षक होते. त्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणतो. शब्दांवर इतकं प्रेम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. लग्नाच्या पत्रिकेतही चूक दिसली की ते आहेराबरोबर दुरुस्ती देतात.

सरांनी मानपत्र वाचायला घेतलं. 'बहुभाषी' या शब्दापाशी ते अडले. चष्मा पुसला. माझ्याकडे पाहिलं. मग माइकवरूनच म्हणाले, "हा शब्द जरा पाहायला पाहिजे."

सर सांगू लागले, आणि एकदा सुरू झाले की त्यांना थांबवणं अशक्य. इंग्रजीत अशा माणसाला पॉलिग्लॉट म्हणतात, ते मूळचं ग्रीक. पॉली म्हणजे अनेक आणि ग्लॉटा म्हणजे जीभ. अनेक जिभांचा तो पॉलिग्लॉट. "मायबाई!" आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "एकीनंच आमचे हे बेजार हायेत!" लोक हसले. सरही हसले. पण आपल्या शब्दाचं तसं नाही, ते म्हणाले. "मितभाषी कोणाला म्हणतो आपण? ज्याला कमी भाषा येतात त्याला? नाही. जो कमी बोलतो त्याला." सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं. "मृदुभाषी म्हणजे जो मऊ बोलतो. तर मग संस्कृतात बहुभाषी म्हणजे..." आणि सर थांबले. वाक्याचा शेवट कुठे जातो आहे हे त्यांच्या आता लक्षात आलं होतं. सगळ्या आवाराच्याही लक्षात आलं होतं. पुढच्या रांगेत माझे वडील बसले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हंजे काय, सर?" आत्यानं विचारलं.

सर खोटं बोलू शकत नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे... जो पुष्कळ बोलतो तो. आपण काय करू, बहुभाषाकोविद घालू. तो शब्द फार छान आहे. मानपत्र नवीन छापून घेऊ."

आत्या उठली. माइककडे गेली. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण पुढे ती काय करील याचा मला अंदाज येईना. तिनं माइक सरांच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "थांबा सर. मले एक सांगा. ज्याले लय भाषा येतात त्याले लोक काय म्हन्तात आता?"

"बहुभाषी. आता तसंच रूढ आहे."

"अन् जो लय बोलते त्याले पयले काय म्हनत?"

"बहुभाषीच."

"अन् हे भाषा म्हन्तात ते कायच्यातून निघालं?"

सरांचा चेहरा उजळला. "भाष्. भाष् म्हणजे बोलणं. जी बोलतात ती भाषा."

"मंग झालं तर!" आत्या लोकांकडे वळली. तिचा आवाज आता अख्ख्या आवारात घुमत होता. "ज्यानं हा शबद बनवला त्याले सारं मालूम होतं. अरे, न बोलता भाषा येते काय कोनाले? ते बाई पाच वाजेलोक मुकी होती. कोन्या भाषेनं बोलली ते? मी बोलली म्हनून बोलली! मले शाळेत बडबडी म्हनून बाहेर बसवलं. माह्या सासूनं म्हनलं. ह्या माह्या भावानं म्हनलं, हा पाहा कसा डोये मिटून बसला! हाव, मी बडबडी हाय. लिवलं ते बराबर लिवलं. ते कोविद-बिविद काई नको मले. हाच शबद राहू द्या!"

टाळ्या कुठून सुरू झाल्या ते सांगता येणार नाही. मला वाटतं मामाजींकडून. तमिळ माणसांना काही कळलं नव्हतं, पण ती शिट्ट्या वाजवत होती. सरांनी स्वतः उठून ते मानपत्र आत्याच्या हातात दिलं, आणि खाली वाकून तिला म्हणाले, "आत्याबाई, व्युत्पत्ती मी शिकवली, पण अर्थ तुम्ही लावला." आत्या म्हणाली, "मंग दोघं मिळून लावला म्हना," आणि लगेच माइककडे वळून तिनं आभाराचं भाषण सुरू केलं. ते तिनं येत असलेल्या प्रत्येक भाषेत केलं. तमिळमध्ये तिनं सर्वांना पाइप वर घ्यायला सांगितलं. मांडववाल्यानं कनाती सोडायला घेतल्या तरी ते चालूच होतं, आणि त्या दिवशी कुणीही उठून गेलं नाही. माझे वडील घरी जाताना तिला म्हणाले, "चुकलं माह्यं, बाई." ती म्हणाली, "उद्या फोन करते अन् सांगते."

ते मानपत्र तिनं ओसरीवर लावलं आहे. येणाऱ्या नव्या माणसाला ती ते दाखवते, दोन्ही अर्थ समजावून देते, आणि मगच पाणी देते.

या वर्षी थंडी सरता सरता मामाजींचं ऐकू येणं कमी झालं. आधी एका कानानं, मग दोन्हींनी. डॉक्टरांनी यंत्र दिलं, पण त्यात शिट्टी वाजते म्हणून ते काढून ठेवतात. आम्हाला सगळ्यांना धास्ती होती, आता आत्या ओरडून बोलायला लागेल आणि निम्मं जानेफळ बहिरं होईल. परवा मी गोळ्या घेऊन गेलो तर ओसरीवर विलक्षण शांतता होती. दोघं समोरासमोर बसली होती. आत्यानं माझ्याकडे बोट केलं, मग आपल्या कमरेइतकी उंची हातानं दाखवली आणि नाक ओढल्यासारखं केलं. म्हणजे लहानपणी शेंबडा होता तो पोरगा आला. मामाजी खदखदून हसले. मग मामाजींनी अंगठा आणि बोटाची चिमूट ओठांशी नेली, तिनं दोन बोटं दाखवून मान हलवली, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. तिसऱ्या चहाला ती नाही म्हणाली होती, एवढं मलाही समजलं.

ती माझ्याजवळ येऊन बसली. हलक्या आवाजात म्हणाली, "हे भाषा काई कोनी शिकवली नाई, बापू. आमी दोघं मिळून बनवून राह्यलो." मग तिची बोटं लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिली. "काल हातानंच इचारलं मी त्यायले, माह्या आवाज याद हाय काय म्हनून."

"मंग? काय म्हन्ले मामाजी?"

"म्हन्ले, याद काऊन करू? अजून कानात चालूच हाय."

एवढं सांगून ती उठली आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेली. दोन कप झाले होते तरी मामाजींचाही ठेवला.